निवृत्तीचे पत्र लिहून ठेवले आहे, पण तारीख घालवत नाही

प्रश्न

मी ५७ वर्षांचा आहे. गेली ३१ वर्षे एका चाचणी प्रयोगशाळेत काम करत असून त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे विभागप्रमुख म्हणून गेली. नियमाप्रमाणे मला अजून तीन वर्षे काम करता येईल, परंतु आता थांबायचे, असे मी गेल्या वर्षी मनाशी ठरवले. डोळे पूर्वीसारखी साथ देत नाहीत, दिवसाचा बराचसा वेळ प्रयोगांऐवजी बैठकांत जातो, आणि माझ्या हाताखाली तयार झालेली दोन माणसे माझ्याइतकेच, काही बाबतींत माझ्यापेक्षाही चोख काम करतात. मला कोणी जा म्हणत नाही आणि माझे कोणाशी बिनसलेलेही नाही.

राजीनाम्याचे पत्र चार महिन्यांपूर्वीच लिहून झाले. ते टेबलाच्या खणात आहे आणि त्यातली तारखेची जागा तेवढी रिकामी आहे. सकाळी घरातून निघताना आज तारीख घालून पत्र देऊन टाकावे असे वाटते, आणि संध्याकाळी परत येईपर्यंत तोच निर्णय आततायीपणाचा वाटू लागतो. रात्री दोन-अडीचच्या सुमारास जाग येते आणि नंतर झोप लागत नाही. पैशांचा हिशेब मी तीन वेळा मांडला. तिन्ही वेळा उत्तर एकच आले, तरीही चौथ्यांदा वही उघडावीशी वाटते. यावरून पैसा हे माझ्या घालमेलीचे खरे कारण नसावे, अशी मला शंका येते.

एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण माझी अडचण तिच्यातच असावी. प्रयोगशाळेत पोहोचल्यावर माझे पहिले काम म्हणजे सूक्ष्म वजनकाटा तपासणे. काट्यावर लहानशा गोल काचेत एक बुडबुडा असतो. तो वर्तुळाच्या बरोबर मधोमध येईपर्यंत पायांचे स्क्रू हलकेच फिरवायचे, मग चिमट्याने शंभर ग्रॅमचे प्रमाणित वजन उचलून पारड्यावर ठेवायचे, काचेची दारे सरकवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे, आणि तो आकडा नोंदवहीत लिहून सही करायची. वजनाला बोट लागू द्यायचे नाही, कारण त्वचेचा ओलसरपणासुद्धा त्या काट्याला कळतो. विभागप्रमुखाने हे काम करण्याची काहीच गरज नाही, तरीही मी ते आजवर कोणाच्या हाती दिलेले नाही. गेल्या आठवड्यात जुन्या नोंदवह्या काढल्या, तेव्हा वर्षामागून वर्षे त्यांत माझेच अक्षर दिसत गेले. मी गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी त्या रकान्यात दुसऱ्याचे अक्षर असेल आणि आकडा तितकाच बरोबर असेल, हा विचार मनात आला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

पत्नीला विचारले तर ती म्हणते, “तुम्ही काम करा किंवा सोडा, मला दोन्ही चालेल, पण हे मधले लोंबकळणे आता पुरे.”

ही धाकधूक म्हणजे निर्णय चुकत असल्याची खूण समजावी, की ती अशा वेळी सर्वांनाच होते? ज्यांनी हा उंबरठा ओलांडला आहे, किंवा ओलांडता ओलांडता जे मागे फिरले आहेत, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका, निवृत्तीला सहा वर्षे

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मी ठामपणे देऊ शकते. धाकधूक वाटणे किंवा न वाटणे, यावरून निवृत्ती पुढे कशी जाईल हे कळत नाही. मला तर जराही धाकधूक वाटली नव्हती. मी आनंदाने बाहेर पडले आणि तरीही माझे दुसरे वर्ष फार कठीण गेले.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली. प्रत्येक घटनेनंतर माणसाला किती जुळवून घ्यावे लागते, याचे गुण त्यांनी दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला १००, विवाहाला ५० आणि निवृत्तीला ४५ गुण होते, आणि निवृत्ती त्या यादीत दहाव्या क्रमांकावर होती. त्या यादीत दुःखाच्या घटनांबरोबर सुखाच्याही घटना आहेत, कारण मोजायचे होते ते जुळवून घेण्याचे श्रम. आपल्या इच्छेने केलेला बदलसुद्धा मनाला आणि शरीराला दमवतो. तुमची अडीच वाजताची जाग मला त्या श्रमाची आगाऊ चाहूल वाटते. निर्णयावर दिलेला तो कौल आहे, असे मला वाटत नाही.

आता माझे सांगते. पहिले सात-आठ महिने सुट्टीसारखे गेले. त्यानंतर एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. मी वाचत बसले असले, कोणाशी बोलत असले, अगदी काहीच करत नसले, तरी साधारण चाळीस मिनिटे झाली की मी खुर्चीतून उठत असे. उठून उभी राहिले की कळत नसे, कशासाठी उठलो. तास संपल्याची घंटा शरीरात मुरलेली होती, पण पुढचा वर्ग कुठेच नव्हता. त्या उभे राहण्याने मला जितके रडवले, तितके निरोप समारंभानेही रडवले नव्हते.

पुढे मारी याहोदा या समाजमानसशास्त्रज्ञ स्त्रीविषयी वाचले आणि माझे दुखणे मला कळले. ऑस्ट्रियातील मारिएंताल या गावातला कापडाचा कारखाना बंद पडला आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे आता वेळच वेळ होता, आणि तरीही गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. रस्त्यावर पुरुष सावकाश चालत आणि वारंवार थांबत. स्त्रियांच्या मागे घरकाम होते, म्हणून त्यांच्या दिवसाला आकार उरला होता. याहोदा यांनी पुढे असे मांडले की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते : दिवसाचे वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून करण्याच्या उद्दिष्टातला वाटा, समाजातले स्थान आणि नियमित हालचाल. बेकारी आणि निवृत्ती एकच नव्हेत, हे मी जाणते. निवृत्ताला मान असतो आणि पुढच्या महिन्याची चिंता सहसा तितकी तीव्र नसते. परंतु या पाच गोष्टी दोघांच्याही हातून एकाच दिवशी जातात, आणि आपण हिशेब मांडतो तो फक्त पगाराचा. तुम्ही तीन वेळा वही उघडलीत, पण या पाच रकान्यांचे पान तुमच्या वहीत आहे का?

मला सावरले ते छंदांनी नव्हे. छंद भरपूर होते आणि सगळेच उद्यावर ढकलता येण्यासारखे होते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी मी मंगळवारी आणि गुरुवारी वाचनाला जाऊ लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात मला यायला दहा मिनिटे उशीर झाला तेव्हा एक मुलगी म्हणाली, “आज येणार नाही असे वाटले होते मला.” कोणीतरी आपली वाट पाहत होते, ही जाणीव मला दीड वर्षांनंतर पुन्हा झाली. म्हणून माझी कळकळीची विनंती अशी, की आवडींची यादी करू नका. जिथे तुमची गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येईल अशी एक जागा शोधा, आणि ती तारीख घालण्यापूर्वी शोधा. नोकरीत असताना अशा ठिकाणी आठवड्यातून दोन तास गेलात, तरी पुढच्या आयुष्याचा एक खांब आधीच रोवला जाईल.

उत्तर २ : निवृत्तीनियोजनाचे हिशेब करणारा

पैसा हे खरे कारण नसावे, असे तुम्ही लिहिले आहे आणि ते बहुधा बरोबर आहे. तरीसुद्धा चौथ्यांदा वही उघडावीशी वाटते, याला एक साधे कारण असू शकते. तुम्ही तिन्ही वेळा एकच हिशेब त्याच पद्धतीने केला असेल, तर त्याच प्रश्नाचे तेच उत्तर पुन्हा मिळून मन शांत होत नाही. मनाला विचारायचा असतो तो वेगळाच प्रश्न : “सगळे बिघडले तर?” तो हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

पहिली गोष्ट महागाईची. ७२ ला महागाईच्या दराने भागले की खर्च दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते कळते. दर सहा टक्के असेल तर बारा वर्षांत दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट. ५७ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याने तीस वर्षांचा विचार करणे मुळीच अवाजवी नाही, आणि जोडीदार वयाने लहान असेल तर त्याहूनही अधिक. आजच्या खर्चाला आजची पुंजी पुरते, हे उत्तर म्हणून अपुरे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पुंजीतून दरवर्षी किती काढावे. विल्यम बेन्गेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये त्या देशातील १९२६ पासूनच्या बाजाराच्या नोंदी तपासल्या. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के रक्कम काढली आणि पुढे दरवर्षी ती महागाईइतकी वाढवत नेली, तर शेअर आणि सरकारी रोखे यांत विभागलेली पुंजी तपासलेल्या प्रत्येक कालखंडात किमान तीस वर्षे टिकली असती, असे त्यांना आढळले. यावरूनच ‘वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट पुंजी’ हा आडाखा रूढ झाला. नियमित निवृत्तिवेतन मिळणार असेल, तर ते वजा जाता जो खर्च उरतो त्याची पंचवीसपट धरायची. मात्र हा एका देशाच्या एका काळातला अनुभव आहे, हमी नव्हे. ज्याची सगळी पुंजी मुदत ठेवींत आहे त्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही, आणि जिथे महागाई अधिक तिथे हात अधिक आखडता ठेवावा लागतो.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते : वाईट वर्षे कधी येतात. उदाहरण घ्या. दोघांकडे प्रत्येकी १०० एकक पुंजी आहे आणि दोघेही दर वर्षाअखेरीस ५ एकक काढतात. पहिल्याला तीन वर्षांत अनुक्रमे उणे २० टक्के, शून्य आणि अधिक ३० टक्के परतावा मिळाला. दुसऱ्याला हेच आकडे उलट क्रमाने मिळाले. काहीच काढले नसते तर दोघांकडेही शेवटी १०४ उरले असते. पण ५ काढत गेल्यावर पहिल्याकडे ८६ उरतात आणि दुसऱ्याकडे ९१. परतावे तेच, खर्चही तोच, फरक फक्त क्रमाचा; आणि हे तीनच वर्षांत झाले. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे नाजूक असतात, ती यामुळे. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांचा खर्च बाजाराच्या चढउतारापासून दूर, सुरक्षित ठेवावा, आणि वाईट वर्षी कोणता खर्च पुढे ढकलता येईल हे आजच लिहून ठेवावे.

एवढे केल्यावर वही मिटा आणि एक प्रयोग करा. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटेल, असा माझा विश्वास आहे. निवृत्तीनंतर दरमहा जी रक्कम हाती येणार आहे, तेवढ्याच रकमेत सहा महिने राहून पाहा. उरलेला पगार वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांनी हे केले, त्यांची रात्रीची आकडेमोड थांबली, असे मी पाहिले आहे. काहींना पैसे पुरत नाहीत असेही कळले आणि त्यांनी निवृत्ती वर्षभर लांबवली. तेही पत्र देण्याआधी कळले, हे बरेच झाले.

तारीख घालताना कागदपत्रांचाही विचार करावा. ठरावीक सेवाकाल पूर्ण होण्यावर काही देणे अवलंबून आहे का, शिल्लक रजेचे काय होते, आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो का आणि संपत असेल तर नवा विमा कोणत्या अटींवर मिळेल, हे लेखी विचारून घ्यावे. विशेषतः विम्याचे. नोकरी सुटल्यावर विमा शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती फारसे पर्याय उरत नाहीत.

उत्तर ३ : निर्णय मागे घेतलेला, सध्या आठवड्यातून तीन दिवस काम करणारा

वरची दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु पहिल्या उत्तरातील एका विधानाशी मी सहमत नाही. धाकधुकीवरून काहीच कळत नाही, हे मला मान्य नाही. माझ्या धाकधुकीने मला काही सांगितले होते, आणि मी ते वेळेवर ऐकले याचा मला आनंद आहे.

मी यंत्रांच्या आराखड्यांचे काम करतो. पाच वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखाच पत्र घेऊन फिरत होतो. तेव्हा मी एक केले : भीती केव्हा वाटते, हे दोन महिने रोज एका ओळीत लिहून ठेवले. नंतर ते वाचले तेव्हा दिसले की बैठकांच्या आणि अहवालांच्या दिवशी निवृत्तीच्या विचाराने मला मोकळे वाटत होते, आणि ज्या दिवशी आराखड्यावर बसायला मिळे त्या दिवशी त्याच विचाराने गळा दाटून येत होता. मला काम सोडायचे नव्हते. कामाभोवती वाढलेले रान सोडायचे होते. मी वरिष्ठांना हेच सांगितले, पद सोडले, पगार बराच कमी करून घेतला आणि तीन दिवसांचे काम मागितले. ते मिळाले. प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही, पण न विचारता मिळत नाही, हे नक्की.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य मला खटकले. कामाचे स्वरूप बैठकांकडे झुकले, हे तुम्ही जाण्याचे कारण म्हणून देता, आणि ज्या कामाने तुमच्या पोटात खड्डा पडतो ते तर वजनकाट्याचे काम आहे. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात, असे सुचवतो. तुम्हाला प्रयोगशाळा सोडायची आहे, की विभागप्रमुखाची खुर्ची?

दुसऱ्या बाजूने मला एक सावधगिरीही सांगायची आहे. डॅनिएल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की माणसाला तेवढ्याच लाभापेक्षा तेवढीच हानी अधिक बोचते. तुमचे संध्याकाळी मागे फिरणे काही अंशी त्यातलेच असावे. जे जाणार आहे ते डोळ्यांसमोर आहे : टेबल, वही, माणसे. जे मिळणार आहे त्याला अजून रंगरूप नाही. त्यामुळे तुलना मुळातच असमान होते. निवृत्तीनंतरच्या एका साध्या बुधवारचे चित्र तासातासाने कागदावर मांडा, प्रवास आणि समारंभ वगळून. ते चित्र रेखीव झाल्यावरही भीती तेवढीच राहिली, तर मात्र तिचे ऐका.

आणखी एक. ज्या वयाला आपण निवृत्तीचे ‘योग्य’ वय म्हणतो, ते कोणी शरीर तपासून ठरवलेले नाही. जर्मनीत १८८९ मध्ये वृद्धापकालीन निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा वय ७० होते, ते १९१६ मध्ये ६५ वर आणले गेले. अमेरिकेने १९३५ मध्ये ६५ धरले. हे सरकारी तिजोरीचे आणि धोरणाचे निर्णय होते. तेव्हा तीन वर्षे आधी थांबलात म्हणून तुम्ही काही अर्धवट टाकून गेलात असे होत नाही, आणि पुढे चालू ठेवलेत म्हणून कोणाची जागा अडवली असेही आपोआप होत नाही.

उत्तर ४ : निवृत्ताची पत्नी

मी स्वतः निवृत्त नाही; माझे यजमान चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुमच्या पत्नीच्या वाक्यासाठी मी थोडे लिहिते आहे.

“मला दोन्ही चालेल” हे वाक्य मीही म्हटले होते. ते खरे होते, पण अपुरे होते. ह्यांच्या निवृत्तीचा विचार आम्ही दोघांनी सतत ह्यांच्या बाजूनेच केला. माझ्या दिवसाला माझी एक घडी होती. दुपारचे दोन तास घर शांत असे आणि ते तास माझे होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात ह्यांनी कपाटातल्या वस्तूंची जागा बदलली. ह्यांचा हेतू चांगला होता, हातांना काम हवे होते. मी काही बोलले नाही, आणि तीन महिन्यांनी नको तेवढे बोलले.

तेव्हा तुमच्या पत्नीला “मी सोडू का?” असे विचारू नका, त्याचे उत्तर त्या तुमच्यासाठी देतील. “मी दिवसभर घरी असलो तर तुझे काय बदलेल?” असे विचारा, आणि पहिले उत्तर मिळाल्यावर लगेच विषय बदलू नका. आम्ही हा प्रश्न उशिरा विचारला. आता आमचे दुपारचे तास ठरलेले आहेत. ह्या वेळेत ते त्यांच्या खोलीत असतात आणि मी माझ्या.

प्रश्नकर्त्याचे उत्तर, दहा दिवसांनी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रत्येक उत्तर मी दोनदा वाचले आणि पत्नीलाही वाचायला दिले.

चौथ्या उत्तरात सांगितलेला प्रश्न मी त्याच रात्री विचारला. पहिले उत्तर “काही नाही” असे आले. मी गप्प बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली की तिला माझ्या घरी असण्याची काळजी नाही, मी घरी असून प्रयोगशाळेतच असेन याची आहे. एकतीस वर्षांत हे तिने मला प्रथमच सांगितले. त्यावर आमचे बोलणे अजून चालू आहे.

खुर्ची की प्रयोगशाळा, या प्रश्नाने मला खरोखर अस्वस्थ केले. दोन महिने ओळी लिहिण्याइतका धीर धरवला नाही, पण दहा दिवस लिहिल्या. माझे उत्तर आपल्यापेक्षा वेगळे निघाले. बैठकांच्या दिवशीही भीती वाटते आणि कामाच्या दिवशीही वाटते. फक्त एकाच दिवशी ती वाटली नाही. त्या दिवशी माझ्या हाताखालच्या एका मुलीने एका नमुन्याच्या चाचणीत मला न सुचलेली चूक शोधून काढली आणि मी तिच्याशेजारी बसून तासभर ती समजून घेतली. त्या तासात निवृत्तीचा विचार मनात आला आणि तो मला जड वाटला नाही. याचा पूर्ण अर्थ मला अजून लागलेला नाही, परंतु मला शिकवायचे आहे, एवढे त्यातून समजले. जवळच्या एका तंत्रशाळेत आठवड्यातून एक दुपार मापनाचे प्रात्यक्षिक घेण्याविषयी मी विचारणा केली आहे, आणि त्यांनी मला पुढच्या महिन्यात भेटायला बोलावले आहे.

हिशेबाच्या बाबतीत, वाईट वर्षांचा हिशेब मी खरोखरच केलेला नव्हता. तो केला. पहिल्या तीन वर्षांचा खर्च वेगळा काढता येतो, मात्र घराच्या दुरुस्तीचे मोठे काम पुढे ढकलावे लागेल. आरोग्यविम्याबद्दल लेखी विचारले आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे. निवृत्तीनंतर मिळणाऱ्या रकमेत राहण्याचा प्रयोग या एक तारखेपासून सुरू केला. त्यामुळे पत्रावर तारीख पडलीच, तर ती सहा महिन्यांनंतरची असेल. आणि गंमत म्हणजे आता ती रिकामी जागा मला पूर्वीसारखी टोचत नाही.

सोमवारी सकाळी मी त्या मुलीला वजनकाट्यापाशी बोलावले आणि चिमटा तिच्या हाती दिला. तिने बुडबुडा मधोमध आणला, वजन ठेवले, दारे लावली आणि आकडा स्थिर होईपर्यंत ती माझ्यापेक्षा अधिक वेळ थांबली. मग तिने आकडा लिहिला, सही केली आणि विचारले, “सर, उद्यापासून रोज मीच करू का?”

मी हो म्हणालो. त्या दिवशी सकाळी दहा मिनिटे माझ्या हातांना काहीच काम नव्हते, आणि मी खिडकीशी उभा राहिलो.